थंडी, लाज आणि चप्पल

शनिवारची सकाळ, दुसरा चहा नुकताच ओतलेला, आणि भाचीचा फोन.

"मामा, बॅगेत साडी टाकू का? आजी म्हणते टाकच. पप्पा म्हणतात तेवीस किलोत साडीला जागा कुठाय? आई म्हणते मामाला विचार, तो राहिलाय बाहेर."

भाची शिकायला जर्मनीला चालली आहे. मी आपलं "टाक एक, सुती टाक, वजन कमी" असं सांगून फोन ठेवला. पण तिचा खरा प्रश्न साडीचा नव्हता हे मलाही कळलं होतं. परक्या देशात राहताना आपण कसं दिसायचं, कसं वागायचं, किती बदलायचं आणि किती नाही, हा तो प्रश्न. त्याचं उत्तर 'मामा बाहेर राहिलाय' एवढ्या भांडवलावर देता येईल असं मला वाटत नाही. कारण मामा तिथे कसा वागला ते मामालाच माहीत आहे. तेही सांगतो, पण जरा दमानं.

आपल्याकडे या प्रश्नाचं तयार उत्तर आहे: जसा देश तसा वेश. विषय संपला. पण ही म्हण फक्त काय करायचं ते सांगते, कशासाठी करायचं ते सांगत नाही. आणि माझं म्हणणं असं की सगळी गोम त्या 'कशासाठी'मध्ये आहे. एकच कपडा एका माणसाच्या अंगावर शहाणपणा असतो आणि दुसऱ्याच्या अंगावर लाचारी.

माझ्यापासूनच सुरुवात करतो. २००७ च्या जानेवारीत मी पहिल्यांदा ऑनसाईट गेलो. इंग्लंडमध्ये, लंडनजवळ रेडिंगला. जाण्याआधी आम्हा दहा-बारा जणांना 'तिकडे कसं वागायचं' याचं एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं होतं. टाय कसा बांधायचा, काटा कुठल्या हातात, डिओ रोज मारा, आणि हो, ऑफिसात कांदा-लसूण खाऊन येऊ नका! लालबागच्या चाळीत वाढलेल्या मला तो दिवस म्हणजे दहावीच्या परीक्षेपेक्षा भारी वाटला. दादरला शिंप्याकडे दोन सूट शिवले. एक करडा, एक काळा. आणि पहिल्याच दिवशी क्लायंटच्या ऑफिसात पोचलो तर काय, समोर सगळे जीन्स आणि स्वेटरमध्ये! अख्ख्या मजल्यावर सूट घातलेला मी एकटा. एकाने तर मला विचारलं, आज इंटरव्ह्यू आहे का?

नंतर गांधीजींचं आत्मचरित्र वाचताना जरा धीर आला. १८८८ मध्ये ते मुंबईहून बोटीने विलायतेला गेले. उतरताना चांगलं दिसावं म्हणून त्यांनी पांढरा फ्लॅनेलचा सूट राखून ठेवला होता. उतरले सप्टेंबरअखेर, आणि बघतात तर तसल्या कपड्यात ते एकटेच. सामान एजंटाकडे गेलेलं, त्यामुळे लगेच बदलताही येईना. म्हणजे आपण चांगल्या संगतीत आहोत! परक्या देशात पहिली चूक बहुतेक अशीच होते. 'ते लोक' कसे असतात याचं डोक्यातलं चित्र आपण अंगावर चढवतो. त्या लोकांना त्या चित्राची काही कल्पनाच नसते.

ही झाली हसण्यावारी नेण्याची चूक. दुसरी तशी नव्हती.

२००८ च्या मे महिन्यात आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. विमानतळावरून बाहेर आली ती नेहमीच्या अवतारात: साडी, तिच्यावर मरून रंगाचा स्वेटर, कपाळाला ठसठशीत कुंकू, पायात मोजे आणि पांढरे स्पोर्ट्स शूज. परदेशात मुलाकडे आलेल्या तमाम मराठी आयांचा हा गणवेश आहे, तुम्ही पाहिला असेलच. मला तेव्हा बरं वाटलं की. निदान मला तसं आठवतंय.

जूनमध्ये आमच्या मॅनेजरने त्याच्या घरी बागेत टीमला जेवायला बोलावलं, घरच्यांसकट. आदल्या रात्री मी आईला म्हटलं, "आई, उद्या हिची पँट घाल ना, आणि वर तो लांब कुर्ता. संध्याकाळी थंडी असते तिकडे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. लोक हाफ पँटमध्ये. आई एका खुर्चीत, मांडीवर पर्स घट्ट धरून, तीन तास तशीच बसली. साडीत ती कुठेही फतकल मारून बसते, तिऱ्हाईत बाईशीही खुणांनी गप्पा मारते. त्या दिवशी ती कोणाशीच बोलली नाही. माझ्याकडे त्या संध्याकाळचे चाळीसेक फोटो आहेत, आणि आई एकाही फोटोत नाही. परत येताना गाडीत मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, "थंडी नव्हती रे फारशी."

बस. एवढंच. मी गाडी चालवत राहिलो.

अजूनही ते वाक्य आठवलं की पोटात काहीतरी होतं. कारण तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं. थंडीसाठी कपडे बदलायला सांगणं आणि लाजेसाठी सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मी लाजेला थंडीचं नाव दिलं होतं.

आता खऱ्या थंडीची गोष्ट. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. निघण्यापूर्वी सेरामपूरला त्यांनी भाषण केलं. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यात जाहीर सांगितलं. फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या ते साडी नेसूनच. १८८५ मधला तो प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल. शेजारी शेजारी तीन विद्यार्थिनी आहेत. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली त्यांच्या देशाच्या पोशाखात. तिघीही घरापासून हजारो मैल लांब.

पण हा फोटो दाखवून 'बघा, संस्कृती जपली' म्हणणारे एक गोष्ट सोडून देतात. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, पण साडी नेसण्याची पद्धत बदलली. काष्ट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि आतून परकर घालता येत नाही. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात तसं राहणं म्हणजे आजाराला आमंत्रण. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने, पायघोळ, आत परकर घालून नेसायला सुरुवात केली. त्याबद्दल नवऱ्याची नाराजीही ओढवून घेतली. गोपाळरावांनीच त्यांना शिकवलं, पुढे ढकललं, परदेशी पाठवलं. आणि साता समुद्रापार असलेल्या बायकोची साडी कशी असावी याची काळजीही त्यांनाच! परदेशातल्या माणसाच्या कपड्यांवर सगळ्यात जास्त पहारा यजमान देशाचा नसतो, घरचा असतो. आजही व्हॉट्सॅपवर फोटो टाकून बघा. "टिकली कुठाय?" हा पहिला मेसेज घरूनच येतो.

१८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांच्यापुढे थंडी हा शब्दाचा खेळ नव्हता.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. इंग्रज. परदेशात राहायला आलेले लोक कसे वागतात याचा पिढ्यानपिढ्यांचा प्रयोग आपल्याच मुंबईत झाला. परळला आज जिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे तिथे पूर्वी गव्हर्नरचा बंगला होता. मुंबईच्या दमट उकाड्यात ही मंडळी लोकरी कोट चढवायची, डोक्यावर सोला हॅट आणि पोटाला फ्लॅनेलचा पट्टा. त्या पट्ट्याचं नावच 'कॉलरा बेल्ट'. पोटाला गारवा लागला की कॉलरा होतो अशी समजूत होती म्हणून! १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच परळच्या बंगल्यात कॉलऱ्याने वारल्या आणि गव्हर्नरचा मुक्काम मलबार हिलला हलला. पाण्यातून येणारा रोग पट्ट्याने थोडाच अडणार होता! पण मला वाटतं त्या पट्ट्याचं काम वेगळंच होतं. आपण इथले नाही, इथले होणार नाही, हे रोज सकाळी स्वतःला बजावण्याचं. ती भीती होती, आणि चुकीच्या गोष्टीची होती.

भीती नेहमीच चुकीची असते असं मात्र नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटी भागात 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी भारतीयांना गाठून मारत होती. नावातला तो 'डॉट' म्हणजे बायकांच्या कपाळावरची टिकली. त्या काळात तिथल्या ज्या बायकांनी बाहेर जाताना टिकली काढली असेल त्यांना कोणी 'संस्कृती विसरल्या' म्हणत असेल तर त्याने आधी रात्रीच्या वेळी त्या रस्त्यावरून चालून दाखवावं.

आणि आता ते उदाहरण, ज्याने माझी सगळी थिअरी एकदा मोडून परत बांधायला लावली.

परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ राहिले. मधे शिक्षणासाठी न्यूयॉर्क, लंडन, आणि परत चाळ. नंतर दादरला हिंदू कॉलनीत 'राजगृह'. बाबासाहेब म्हटलं की डोळ्यासमोर सूट आणि टाय. मी कॉलेजात असताना एक वडीलधारे गृहस्थ म्हणायचे, एवढा मोठा माणूस, पण पोशाख साहेबाचा, आपला नाही. तेव्हा मला त्यात काहीतरी तथ्य वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण 'आपला' म्हणजे कुणाचा? ज्या समाजाने काही माणसांनी काय घालायचं, किती घालायचं, दागिने कसले वापरायचे, हे जातीवरून ठरवून ठेवलं होतं, त्या समाजातला 'आपला पोशाख' हा त्यांच्यासाठी वारसा नव्हता, शिक्का होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांसमोर भाषण केलं. तुमच्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती पद्धत टाका, असं त्यांनी सांगितलं. गुडघ्यापर्यंत नेसायची लुगडी बायकांनी पायघोळ नेसली.

म्हणजे बघा. फिलाडेल्फियात एक साडी घोट्यापर्यंत खाली आली ती थंडीसाठी. महाडला शेकडो लुगडी घोट्यापर्यंत खाली आली ती मानासाठी. लांबून पाहणाऱ्याला दोन्हीकडे दिसणार तेच: पद्धत बदलली. आणि माझ्या आईच्या अंगावरची पँटही लांबून तशीच दिसली असणार. आतली गोष्ट तिन्हीकडे वेगळी. आनंदीबाईंचा आणि महाडच्या बायकांचा बदल त्यांनी स्वतः केला होता. आईचा मी करायला लावला, आणि तोही माझ्यासाठी.

म्हणून माझं पहिलं मत असं: दुसऱ्याच्या कपड्यावरून त्याने देशाची किंवा घराची लाज राखली की घालवली हे ठरवायच्या भानगडीत पडू नये. आपल्याला बाहेरून फक्त आउटपुट दिसतं, कोड दिसत नाही. तपासायचं तर स्वतःला तपासावं. हे मी थंडीसाठी करतोय, की मानासाठी, की भीतीसाठी, की लाजेसाठी? पहिल्या तिघांना माझी हरकत नाही. चौथ्याला आहे.

"मग काय, वाटेल तसं वागावं का?" असं कोणी विचारेल. नाही ना. इथे चप्पल येते.

२०१४ च्या गणपतीत ऑफिसातले दोन परदेशी सहकारी आमच्या लालबागच्या घरी आले होते. दोघंही लोअर परळच्या ऑफिसात वर्षभरासाठी आलेले, वरळीला भाड्याने राहायचे. एक अमेरिकन गडी. झब्बा, सलवार, डोक्याला भगवा फेटा, कपाळाला गंध. चाळीत नुसती धमाल! पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लावून. दुसरी डच बाई, साधी पँट आणि ढगळ शर्ट. शेजारच्या काकू माझ्या कानात म्हणाल्या, "हिला काही पद्धत नाही हो. तो बघा कसा नटून आलाय."

तो फेटेवाला गडी बुटांसकट थेट मखरापर्यंत आला. बायका आत मोदक वळत होत्या तिथे जाऊन, न विचारता धडाधड फोटो काढले. वाईट हेतू अजिबात नव्हता त्याचा. त्याला वाटलं पोशाख केला की काम झालं. ती बाई उंबऱ्याशी थांबली, दाराबाहेर चपलांचा ढीग पाहिला, आपले बूट काढून भिंतीशी नीट लावले, हात धुवायला पाणी मागितलं, आणि फोटो काढू का असं खुणेने आईला विचारलं.

काकूंचं ते वाक्य आईनेही ऐकलं होतं. ती गेल्यावर आई काकूंना म्हणाली, "तिला जे सोयीचं ते तिनं घातलं. चप्पल बाहेर काढली ना? बास झालं की."

मी तिथेच उभा होतो. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. बहुधा सहा वर्षांपूर्वीचं तिच्या मनातही नसेल. माझ्या मात्र होतं.

तर, प्रत्येक देशाची एक चप्पल असते. यजमानाला ज्याने खरोखर त्रास होतो, किंवा बरं वाटतं, ती गोष्ट. ती शोधायची आणि उंबऱ्याबाहेर काढायची. इंग्लंडमध्ये ती रांग असते. रात्री अकरानंतरचा आवाज असतो. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा ते असतं. पहिल्या महिन्यात मी सकाळी सहाला पंखा न लावता हिंग-मोहरीची खमंग फोडणी दिली. फायर अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग नाईट ड्रेसमध्ये कुडकुडत खाली. त्या दिवशी मी कोणते कपडे घातले होते हे एकालाही आठवत नसेल! लिफ्टमध्ये शेजारी उभ्या माणसाबद्दल 'त्याला कुठे कळतंय' म्हणून मराठीत शेरे मारणं हीसुद्धा बुटांसकट मखरात जाण्याचीच गोष्ट आहे. हे मी केलेलं आहे. तुम्हीही केलं असेल.

आणि पाहुणा मुक्कामी राहिला, घरचा झाला, की यजमानही थोडा सरकतो. ब्रिटनमध्ये मोटरसायकलवर हेल्मेट सक्तीचं झालं तेव्हा शीख लोक पगडीसाठी भांडले आणि १९७६ मध्ये तिथल्या संसदेने त्यांच्यासाठी कायद्यात सूट दिली. ती मागणी पगडी आमची ओळख आहे अशी उघड होती. पगडीने थंडी वाजत नाही असलं कारण कोणी पुढे केलं नव्हतं. खरं कारण सांगितलं की निदान वाद तरी खरा होतो.

आता कोणी म्हणेल, इथे तरी आपण काय घालतो? खरंय. पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, गॉगल आणि बुलेट. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी चर्चगेट लोकलमध्ये जीन्समध्ये. दादरला तर शिवलेली नऊवारी मिळते, पँटीसारखी चढवायची की झालं. माझी आजी जन्मभर नऊवारीत राहिली, त्याच कपड्यात पाणी भरलं, झोपली, भांडली. तिला हे बघून हसू आलं असतं. मला त्यात गैर काही वाटत नाही. फक्त जे आपण घरी वर्षातून एकदा नेसतो ते परदेशी गेलेल्या पोरींनी रोज नेसावं अशी अपेक्षा ठेवू नये, एवढंच.

असो. फारच लांबलं. दुपारी भाचीला परत फोन केला आणि म्हटलं, थंडीचे कपडे भरपूर ने आणि चांगले ने, तिथे काटकसर नको. तिकडची चप्पल कुठली ते पहिल्या महिन्यात शोधून काढ. आणि साडी नेस किंवा नेसू नकोस, पण आजी आली तुझ्याकडे तर ती जे नेसेल ते नेसू दे.

"हे शेवटचं का सांगतोयस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सहज.

मग वाटलं, पुन्हा तेच करतोय. म्हणून तिला सगळं सांगितलं, रेडिंगच्या त्या बागेसकट. संध्याकाळी लालबागला जाऊन आईलाही सांगायचं म्हणतोय. अठरा वर्षं होत आली, पण त्या दिवशी थंडी नव्हती हे एकदा माझ्या तोंडून तिला ऐकू दे.